पक्ष हटवायचा म्हणजे नेमकं कुणाला हटवायचं?

प्रश्न ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. त्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. थोडक्यात प्रश्न असा: "एखादी राजवट कोसळली की नवं सरकार जुन्या सत्ताधारी पक्षाला सार्वजनिक जीवनातून बाहेर काढतं. जर्मनीत नाझी, इराकमध्ये सद्दाम हुसेनचा बाथ, आता बांगलादेशात अवामी लीग. हे प्रत्यक्षात करतात कसं? त्यातून काही साधतं का? आणि आपल्याकडे असं करायचं म्हटलं तर कायद्यात बसेल का?"

मी गेली तीस-एक वर्षं ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ बसून सेवाविषयक प्रकरणं चालवतो. निलंबन, विभागीय चौकशी, बडतर्फी, मॅटमधले, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातले अर्ज. आठवड्यातून दोनदा बेलापूरला कोकण भवनाच्या पायऱ्या चढतो. मी इतिहासकार नाही. पण माणसाला खुर्चीवरून उठवायचं काम कागदावर कसं चालतं आणि कुठे फसतं, हे रोज बघतो. म्हणून या विषयाचं वाचन करताना माझं लक्ष भाषणांकडे जात नाही, फॉर्मकडे जातं. पक्ष हटवण्याची मोहीम सभेत कितीही मोठी वाटो, टेबलावर आली की तिचे अर्ज होतात, याद्या होतात, वर्गवारी होते, सुनावण्या लागतात आणि शेवटी अपिलांचा ढीग साचतो.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या प्रश्नात चार वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. पक्षाची संघटना बरखास्त करणं ही एक. त्या पक्षाच्या नेत्यांना ठरावीक काळ निवडणूक किंवा मोठं पद नाकारणं ही दुसरी. सरकारी नोकरीतल्या सदस्यांना काढणं ही तिसरी. आणि खून, छळ, लूट यांचे खटले ही चौथी. चौथीबद्दल वादच नाही. ज्याने गुन्हा केला त्याच्यावर खटला चालवा, तो कुठल्याही पक्षाचा असो. पहिली तुलनेने सोपी असते. सत्ता गेली की अशा पक्षांच्या कार्यालयांना आपोआपच कुलूप लागतं. घोडं अडतं ते दुसरीत आणि त्याहून जास्त तिसरीत.

तिसरीतलं एक छोटंसं प्रकरण सांगतो, माझ्याच टेबलावरचं. नगरपरिषदेचं नाव घेत नाही. निवडणुकीत सत्ता पालटली आणि महिन्याभरात एका आदेशाने अकरा रोजंदारी कामगार कमी केले. कारणाच्या रकान्यात 'आवश्यकता नाही' एवढंच. खरं कारण गावाला ठाऊक होतं: ही 'त्यांची माणसं'. त्यात पाणीपुरवठ्याचा एक चावीवाला होता. त्याचा गुन्हा काय, तर जुन्या नगराध्यक्षांच्या मिरवणुकीत झेंडा धरलेला फोटो. त्याच्या हाताखाली चाळीस-पंचेचाळीस वॉल्व्ह होते आणि सगळा हिशेब एका सुतळीने बांधलेल्या वहीत. कुठली आळी किती वाजता, कुठला वॉल्व्ह किती आटे. "शाळेमागचा अडीचच आटे, पूर्ण सोडला की खालच्या आळीत पाइप फुटतो," असली नोंद. नव्या माणसाने तो पूर्ण सोडला. पाइप फुटला. वरच्या आळीला आठवडाभर टँकर. मग एके दिवशी नगरपरिषदेची जीप त्याच्या दारात. हा गडी मात्र माझ्याकडे येऊन बसला, मांडीवर ती टी-आकाराची लोखंडी चावी घेऊन. मी विचारलं, ही अजून तुमच्याकडे कशी? म्हणाला, "साहेब, चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. काढायची घाई होती त्यांना."

आता इराककडे या. माणसांची संख्या लाखांत न्या, बाकी गोष्ट तीच.

सद्दामची राजवट पाडल्यावर अमेरिकेने इराकचा कारभार पाहायला नेमलेले पॉल ब्रेमर १२ मे २००३ ला बगदादमध्ये उतरले आणि १६ मे रोजी त्यांनी आदेश क्रमांक १ काढला. चार दिवसांत. इतक्या वेळात आमच्याकडे दोषारोपपत्राचा मसुदाही टंकलेखनाला जात नाही. आदेशात दोन चाळण्या होत्या. पहिली पक्षातल्या हुद्द्याची: बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे सगळे सदस्य सरकारी नोकरीतून बाद आणि पुढेही कायमचे बंद. या चारांतली सगळ्यात खालची पायरी 'फिर्का'. आपल्या मराठीतला 'फिरका' तोच शब्द, अरबीतून आलेला, गट, टोळकं. दुसरी चाळणी खुर्चीची: मंत्रालयं, सरकारी कंपन्या, विद्यापीठं, इस्पितळं, सगळीकडच्या वरच्या तीन थरांतल्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारायचं; त्यातला कोणी पक्षाचा पूर्ण सदस्य निघाला, मग हुद्दा कितीही खालचा असो, तरी घरी.

कागदावर हे अगदी नेमकं दिसतं. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, चार पायऱ्या ठरवल्यात, म्हणजे विचार केलेला दिसतो. पण इराकमध्ये पस्तीस वर्षं एकाच पक्षाची सत्ता होती. मुख्याध्यापक व्हायचं तर पक्ष, परदेशी शिकायला जायचं तर पक्ष, बढती हवी तर पक्ष. 'फिर्का' पायरीवर हजारो शिक्षक होते, कारण गावोगावच्या शाळेतला शिकलेला माणूस हाच पक्षाला शाखेसाठी सोयीचा वाटायचा. आदेश लागू झाला आणि शाळांमधून एकदम माणसं गायब झाली. वीजकेंद्रातला जो इंजिनिअर वीस वर्षं जुनाट यंत्रं तारेने बांधून चालवत होता तोही गेला. कुठला वॉल्व्ह किती आटे हे त्याच्या डोक्यात, आणि चार्ज कुणी घेतलेला नाही.

आठवड्याभरात, २३ मे ला, दुसरा आदेश आला: सैन्यच बरखास्त. जवळपास ४ लाख माणसं एका सहीने बेकार, त्यांतल्या अनेकांच्या घरात बंदूक. पेन्शनचं काय, पगाराचं काय, याचं उत्तर आधी नव्हतंच. निदर्शनं झाल्यावर महिन्याने भत्ता जाहीर केला. पुढे इस्लामिक स्टेटच्या लष्करी फळीत सद्दामच्या सैन्यातले माजी अधिकारी सापडले, याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे निलंबित कर्मचाऱ्यालासुद्धा निर्वाह भत्ता द्यावा लागतो. लोकांना वाटतं ही दया आहे. माझं मत विचाराल तर ती शहाणपणाची विमा पॉलिसी आहे.

त्याहून मोठी चूक पुढची. ही चाळणी चालवायचं काम एका उच्चस्तरीय आयोगाकडे गेलं आणि त्याच्या प्रमुखपदी अहमद चलाबी. चलाबी स्वतः निवडणुकीच्या राजकारणात. म्हणजे चौकशी अधिकारीच पुढच्या निवडणुकीतला उमेदवार. आमच्या धंद्यात पक्षपाताचा आक्षेप घ्यायला याहून चांगलं कारण मिळत नाही. असं प्रकरण पहिल्याच तारखेला कोसळतं. इराकमध्ये ते कोसळायला जागाच नव्हती. जानेवारी २००८ मध्ये नवा कायदा करून नाव बदललं, 'उत्तरदायित्व आणि न्याय' असं भारदस्त नाव. मार्च २०१० च्या निवडणुकीआधी त्याच यंत्रणेने पाचशेच्या आसपास उमेदवारांना बाद केलं. सद्दाम पकडला गेल्याला तोवर सहा वर्षं होऊन गेली होती, त्याला फाशी होऊनही तीन. तरी बाथवाद्यांची यादी वाढतच होती. सद्दाम सुन्नी, नवी सत्ता शियांच्या हाती. त्यामुळे सुन्नी भागांत याचा अर्थ लोकांनी एकच लावला: हे पक्षाविरुद्ध नाही, आमच्याविरुद्ध आहे.

आता जर्मनी. लोक म्हणतात, इराकमध्ये फसलं पण जर्मनीत जमलं ना? जमलं, पण जे जमलं ते या मोहिमेमुळे किती, याबद्दल मला शंका आहे.

तिथे आधी पुरावा कसा मिळाला ते बघा, कारण यादीची सगळी मदार त्यावर. नाझी पक्षाची मध्यवर्ती सदस्यनोंदणी म्हणजे लाखो कार्डं. युद्ध संपताना ती म्युनिकजवळच्या एका कागद गिरणीत लगदा करायला पाठवली. गिरणीच्या व्यवस्थापकाने लगदा केला नाही. दुसऱ्या रद्दीखाली दडवून ठेवली. १९४५ च्या शरदात ती अमेरिकनांच्या हाती लागली. हे झालं नसतं तर 'मी कधी सदस्य नव्हतोच' म्हणणाऱ्यांची रांग किती लांब झाली असती याची कल्पना करा. १९४५ मध्ये सदस्यसंख्या ८५ लाखांच्या घरात होती. रद्दीवाल्याच्या दारात इतिहास अडकलेला असतो, हे आमच्या अभिलेख कक्षातही मी दोनदा पाहिलंय.

जर्मनीच्या अमेरिकन ताब्यातल्या विभागात पदावर असणाऱ्यांना १३१ प्रश्नांची प्रश्नावली भरावी लागे. पुढे मार्च १९४६ च्या कायद्याने पाच वर्ग केले: मुख्य दोषी, दोषी, कमी दोषी, नुसते मागे चालणारे, आणि निर्दोष. हे काम जर्मनांच्याच स्थानिक मंडळांकडे सोपवलं, पाचशेहून जास्त मंडळं. आणि सिद्ध करायचं ओझं फॉर्म भरणाऱ्यावर. म्हणजे 'मी त्यातला नाही' हे त्याने दाखवायचं. तो दाखवायचा कसा? शेजाऱ्याचं, पाद्र्याचं, डॉक्टरचं शिफारसपत्र आणून. या पत्रांना लोकांनी नाव ठेवलं पर्सिल-पत्र, कपडे पांढरे करणाऱ्या पावडरीवरून. आपल्याकडे 'वॉशिंग मशीन' हा शब्द राजकारणात फार उशिरा आला. जर्मनांनी पावडर १९४६ लाच आणली होती.

मंडळांसमोर प्रकरणांचा डोंगर. मग कुठल्याही कचेरीत होतं तेच झालं: सोपी प्रकरणं आधी निकाली काढली. सोपी म्हणजे छोटी. पोस्टमास्तर, शाळामास्तर, रेल्वेतला कारकून. मोठ्या माशांची कागदपत्रं जाड, वकील चांगले, म्हणून ती मागे ठेवली. ती पुढे आली तोवर १९४८ उजाडलं होतं. रशियाशी शीतयुद्ध सुरू झालेलं, अमेरिकनांना जर्मनी उभा करायचा होता आणि कुणालाच या कामात रस उरला नव्हता. लहानांना आधी शिक्षा, मोठ्यांना उशिरा माफी. निकाली प्रकरणांचा मासिक तक्ता भरायचा असला की हे होतंच. मी चौकशी अधिकाऱ्यांना दोष देत नाही, तक्ता मागणाऱ्याला देतो.

आता दोन माणसं शेजारी ठेवतो. यातलं एकही उदाहरण मी बनवलेलं नाही.

जॉन राबे. १९३७ मध्ये चीनमधल्या नानजिंगमध्ये एका जर्मन कंपनीचा प्रतिनिधी आणि नाझी पक्षाचा सदस्य. जपानी सैन्याने शहरात कत्तल सुरू केली तेव्हा याने तिथल्या परदेशी लोकांबरोबर सुरक्षित क्षेत्र उभारलं आणि हजारो चिनी माणसं वाचवली. युद्धानंतर बर्लिनमध्ये सदस्य म्हणून त्याच्यावर प्रकरण झालं. निर्दोष ठरवा असा त्याचा अर्ज पहिल्यांदा फेटाळला. जून १९४६ मध्ये अपिलात सुटला. तोवर घरात खायला नव्हतं.

हान्स ग्लोबके. गृहखात्यातला कायदेतज्ज्ञ. ज्यूंचं नागरिकत्व काढणाऱ्या १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांवरचं सरकारी भाष्य लिहिणाऱ्या दोघांपैकी एक. पण पक्षाचा सदस्य कधीच नव्हता! त्याने अर्ज केला होता, पक्षानेच घेतला नाही, कारण त्याचे जुने लागेबांधे कॅथलिक पक्षाशी. सदस्यत्वाच्या चाळणीतून हा अलगद खाली पडला आणि १९५३ ते १९६३ चॅन्सेलर (म्हणजे तिथले पंतप्रधान) आडेनाउअर यांच्या कार्यालयाचा प्रमुख होता. पश्चिम जर्मनीतला सगळ्यात ताकदवान अधिकारी.

माझं या विषयावरचं सगळं म्हणणं या दोन माणसांत आहे. कार्ड बघाल तर राबे अडकतो आणि ग्लोबके सुटतो. फाइल बघाल, म्हणजे त्या माणसाने त्या खुर्चीवर बसून कशावर सही केली हे बघाल, तर उलटं होतं. पण फाइल बघायला वेळ लागतो, माणसं लागतात, आणि नव्या सरकारकडे त्या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणून सगळी सरकारं कार्डाकडे वळतात.

१९५१ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीने काढलेल्या बहुतेक नोकरदारांना परत घेतलं. १९६६ मध्ये तर चॅन्सेलरच असे झाले, किसिंगर, जे १९३३ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते. १९६८ मध्ये बेआटे क्लार्सफेल्ड नावाच्या तरुणीने भर अधिवेशनात त्यांच्या थोबाडीत मारली. जर्मनीने आपल्या भूतकाळाचा खरा जाब विचारला तो या पिढीने, साठच्या दशकात, घरात आणि कोर्टात. १३१ प्रश्नांच्या फॉर्मने तो विचारला गेला नव्हता.

मध्य युरोपात १९८९ नंतर जरा शहाणे प्रयोग झाले. चेकोस्लोव्हाकियाने ऑक्टोबर १९९१ मध्ये कायदा केला: मोठ्या सरकारी पदांवर बसायचं तर गृहखात्याचा दाखला आणा की तुम्ही गुप्त पोलिसांचे खबरे नव्हतात, पक्षाचे जिल्हा पातळीवरचे किंवा वरचे चिटणीस नव्हतात. बंदी पाच वर्षांची. पुढे मुदत वाढवत वाढवत बेमुदत केली, हे नेहमीचंच. राष्ट्राध्यक्ष हावेल स्वतः तुरुंगात राहिलेले, तरी त्यांना कायदा पसंत नव्हता. सही केली आणि दुरुस्त्या सुचवल्या. त्यात एक वर्ग होता खबरे होण्यासाठी 'हेरलेल्या' लोकांचा. म्हणजे पोलिसांनी तुमचं नाव वहीत लिहिलं, तुम्हाला कदाचित पत्ताही नाही. १९९२ मध्ये घटना न्यायालयाने तो वर्ग काढून टाकला. त्याच वर्षी एका पत्रकाराने लाखाहून जास्त नावांची यादी छापून टाकली. मग गावागावात लोक आपल्या शेजाऱ्याचं नाव शोधत बसले. गुप्त पोलिसांची वही हा पुरावा कसा असतो ते आम्हाला विचारा. कोटा पूर्ण करायला खबऱ्यांची नावं घालणारा हवालदार जगभर एकच असतो.

पोलंडची पद्धत मला जास्त पटते. तिथले पहिले बिगर-कम्युनिस्ट पंतप्रधान माझोविएत्स्की यांनी १९८९ मध्ये भूतकाळावर जाड रेघ ओढायची भाषा केली. १९९७ मध्ये कायदा आला तो असा: प्रत्येक उमेदवाराने, न्यायाधीशाने, मोठ्या अधिकाऱ्याने स्वतःच लिहून द्यायचं की मी गुप्त पोलिसांसाठी काम केलं की नाही. 'केलं' असं लिहिलं तर पद जात नाही. लोक मत द्यायचं की नाही ते ठरवतील. 'नाही' लिहून खोटं ठरलात तर दहा वर्षं बाद. आपल्याकडे उमेदवार निवडणुकीच्या अर्जाबरोबर गुन्ह्यांचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देतो, तोच बाज. दहा वर्षांनी नव्या सरकारने हाच कायदा पत्रकार आणि प्राध्यापकांपर्यंत ताणला आणि तिथल्या घटना न्यायालयाने त्यातली बरीच कलमं पाडली. चांगली अवजारं बोथट अशीच होतात.

लिबियाचं एका परिच्छेदात उरकतो, कारण तिथे कायद्यापेक्षा बंदूकच बोलत होती. मे २०१३ मध्ये राजकीय बहिष्काराचा कायदा झाला तेव्हा सशस्त्र टोळ्या मंत्रालयांना वेढा घालून बसल्या होत्या. १ सप्टेंबर १९६९ पासून हुकूमशहा गद्दाफीच्या राजवटीत कुठल्याही वरच्या पदावर असलेला माणूस बाद. पहिला बळी कोण? संसदेचे अध्यक्ष मोहम्मद मगरिफ. गद्दाफीशी फारकत घेऊन त्यांनी तीस वर्षं परदेशातून त्याच्याविरुद्ध लढा दिला होता. दोष एवढाच की १९८० पर्यंत ते गद्दाफीचे राजदूत होते. कुठे? आपल्या दिल्लीत. त्याच पदावरून त्यांनी बंड केलं. कायद्याला बंड दिसलं नाही, पद दिसलं. त्यांनी राजीनामा दिला. वर्षभराने देशात दोन सरकारं आणि यादवी.

ट्युनिशियात उलट झालं. जुना पक्ष मार्च २०११ मध्ये कोर्टाने बरखास्त केला, पहिल्या निवडणुकीत त्याच्या पदाधिकाऱ्यांना मज्जाव केला. पण २०१४ मध्ये कायमच्या बंदीचा प्रस्ताव संसदेत अगदी थोडक्यात पडला. ज्या पक्षाचा त्यातून फायदा होणार होता त्यातल्याच अनेकांनी हात आखडता घेतला. मला तो निर्णय त्या भागातला सगळ्यात प्रौढ निर्णय वाटतो. नंतर तिथली लोकशाही घसरली, पण ती जुन्या पक्षाच्या लोकांमुळे घसरली नाही.

आता आपल्याकडचं. तुम्ही विचारलंत कायद्यात बसेल का. आपण हे वेगवेगळ्या वेळी थोडं थोडं करून पाहिलंय, फक्त त्याला हे नाव दिलं नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा एल्फिन्स्टनने वरची गादी हटवली पण गावातला पाटील आणि कुलकर्णी तसाच ठेवला. दयेपोटी नव्हे. दप्तर कुलकर्ण्याच्या घरात होतं आणि कुठल्या शेताचा सारा किती हे दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. १९४७ मध्ये तीच अडचण मोठ्या प्रमाणात आली. आयसीएस अधिकाऱ्यांनी इंग्रजांचे हुकूम बजावले होते, सत्याग्रहींना तुरुंगात टाकलं होतं. घटना समितीत ऑक्टोबर १९४९ मध्ये त्यांच्या सेवाशर्तींना घटनेतच संरक्षण द्यायचा प्रश्न आला तेव्हा अनेक सदस्य भडकले. सरदार पटेल, जे स्वतः त्याच यंत्रणेच्या तुरुंगात वर्षानुवर्षं होते, त्यांनी त्या अधिकाऱ्यांची बाजू घेतली. कलम ३१४ झालं. फाळणीचे दंगे, निर्वासित, संस्थानं, सगळं एकाच वेळी अंगावर आलेलं असताना त्यांना चार्ज न घेता कुणाला काढायचं नव्हतं.

हैदराबादचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. रझाकार संघटना मोडली. तिचा म्होरक्या कासीम रझवी, लातूरचा वकील, त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. इथवर ठीक. पण निजाम स्वतः १९५० मध्ये राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा राज्याचा प्रमुख झाला, आणि खालच्या पातळीवर कित्येक मुसलमान नोकरदारांना त्याची झळ बसली ज्यांनी रझाकारांशी कधी संबंध ठेवला नव्हता. माझ्या आजोळी, लातूरजवळ, त्या काळातल्या एका शिरस्तेदाराची गोष्ट सांगत. त्याच्या हस्ताक्षरातले मोडी-उर्दू फेरफार आजही तलाठ्याला वाचायला कोणी मिळत नाही.

आणि १९७७. आणीबाणीनंतर जनता सरकारने शहा आयोग नेमला, जे योग्य होतं. मग ३ ऑक्टोबर १९७७ ला इंदिरा गांधींना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी मॅजिस्ट्रेटने सोडलं, कारण कागद तयार नव्हते. पुढच्या वर्षी त्या चिकमगळूरमधून निवडून आल्या, तर डिसेंबर १९७८ मध्ये सभागृहाच्या हक्कभंगावरून खासदारकी काढली आणि तिहारला पाठवलं. जानेवारी १९८० मध्ये त्या पंतप्रधान झाल्या. दोषारोप कच्चे ठेवून घाईने कारवाई केली की आरोपीच फिर्यादी होऊन परत येतो, हे मी माझ्या ज्युनिअरना याच उदाहरणाने शिकवतो.

शुद्ध कायद्याचं विचाराल तर: संघटनेवर बंदी घालायला बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायदा आहे, पण सरकारची अधिसूचना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणासमोर सहा महिन्यांत टिकावी लागते. उमेदवाराला बाद करायला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ आहे, पण त्यासाठी शिक्षा व्हावी लागते. पक्षाचं नाव पुरत नाही. आणि नोकरीतून काढायचं तर घटनेचं कलम ३११: दोषारोप सांगा, बाजू ऐका, मग ठरवा. त्याला राज्याच्या सुरक्षेचा अपवाद आहे, पण तो क्वचित वापरायचा.

सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा एक निकाल तुमच्या प्रश्नाचं जवळजवळ थेट उत्तर आहे. मध्य प्रदेशातला एक शिक्षक, रामशंकर रघुवंशी. त्याची नगरपालिकेची शाळा सरकारने ताब्यात घेतली, तो सरकारी नोकर झाला, आणि पोलिसांचा अहवाल आला की हा पूर्वी रा. स्व. संघ आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घ्यायचा. म्हणून काढला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी राज्याची याचिका फेटाळली. नोकरीत येण्याआधी कुणी कुठल्या राजकीय कामात होतं, एवढ्यावर त्याची नोकरी काढता येत नाही. आता गंमत बघा: रेड्डी विचाराने डावीकडे झुकलेले म्हणून ओळखले जात. संघाच्या माणसाची नोकरी त्यांनी वाचवली. नोकरीत असताना मात्र पक्षाचं काम करता येत नाही. महाराष्ट्राच्या सरकारी नोकरांसाठीच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत तसं स्पष्ट आहे, आणि तेही सगळ्या पक्षांना सारखं.

युरोपातल्या मानवाधिकार न्यायालयानेही २०१९ मध्ये युक्रेनबाबत असाच कल दाखवला. २०१४ च्या कायद्याने पायउतार झालेले राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांच्या काळात वर्षभर वरच्या पदावर असलेल्यांना आपोआप दहा वर्षं बंदी होती. कोर्टाचा आक्षेप त्या 'आपोआप'वर होता: प्रत्येकाने स्वतः काय केलं हे कुणी बघितलंच नाही.

आता बांगलादेश. ५ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान आणि अवामी लीगच्या नेत्या शेख हसीना देश सोडून गेल्या. आंदोलकांवर गोळीबार झाला होता, शेकडो माणसं मेली होती. राग खोटा नव्हता. मे २०२५ मध्ये अवामी लीगच्या सगळ्या कार्यक्रमांवर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आली आणि निवडणूक आयोगाने पक्षाची नोंदणी स्थगित केली. हा कायदा २००९ चा, हसीना यांच्याच संसदेचा. १ ऑगस्ट २०२४ ला, जायच्या चार दिवस आधी, त्याच कायद्याखाली त्यांनी जमात-ए-इस्लामी या विरोधी पक्षावर बंदी घातली होती. महिना संपायच्या आत नव्या सरकारने ती उठवली. आणि ज्या न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा दिली, ते त्यांनीच २०१० मध्ये सुरू केलेलं. जमातचे नेते तिथूनच फासावर गेले. एकच टेबल, तीच खुर्ची, आरोपीची बाजू फक्त बदलते. म्हणून तिथे मला पक्षाच्या नेत्यांवरच्या खटल्यांपेक्षा, उपजिल्ह्यातला जो अवामी लीगचा साधा सदस्य शाळेत शिकवतो त्याचं काय होतं, याची जास्त काळजी वाटते. त्याच्यावर वर्तमानपत्रात बातमी येत नाही.

परीक्षेसाठी एक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल वकिलाने नुसत्या गोष्टी सांगितल्या. असा कुठलाही कायदा समोर आला की उद्देशिका सोडून द्या, ती सगळ्यांचीच छान असते. व्याख्येचं कलम काढा: माणूस सदस्यत्वाने बाद होतो, पदाने की कृत्याने? मग मुदत बघा. तारीख छापलेली नसेल तर ती बंदी कधीच संपणार नाही असं समजा. मग अपिलाचं कलम. इराकच्या त्या पहिल्या आदेशात अपिलाचं कलमच नव्हतं. अपवाद करायचा अधिकार होता, तोही स्वतः ब्रेमर यांच्याकडे किंवा ते नेमतील त्यांच्याकडे.

आणि त्या चावीवाल्याचं विचाराल, तर त्याला लेखी आदेशाने परत घेतलं. बाकीच्या दहा जणांचं प्रकरण अजून चालू आहे.